फुल-साइझ पिकअप घेतोय : आधी काय बदलू आणि सांभाळू कसा?

वाटसरू :
नमस्कार मंडळी. ओहायोत राहतो. बारा वर्षं एकच सेदान चालवली, आता फुल-साइझ पिकअपवर मन बसलंय. एक जुना बघून ठेवलाय : २०१८ चं मॉडेल, हाफ-टन, चार दारं, फोर-व्हील ड्राइव्ह, माल ठेवायचा मागचा बेड साडेपाच फुटी. गेल्या वर्षी घर घेतलं त्याला एकरभर जागा आहे, त्यामुळे माती, लाकडं, खडी यांची ने-आण सतत चालू असते. शिवाय पुढच्या उन्हाळ्यात कॅम्पिंगचा ट्रेलर ओढून न्यायचा शब्द मुलांना दिलाय.

गाडी अजून दारात आली नाही, पण मनात सजवून झालीय. पुढून दोन इंच उचलायची, ३३ इंची टायर, बेडवर झाकण, पुढे दणकट लोखंडी बंपर. यासाठी अडीच हजार डॉलर बाजूला काढलेत. सुरुवात कुठून करू? आणि ज्यांनी असा ट्रक वर्षानुवर्षं वापरलाय त्यांनी देखभालीचंही मोकळेपणाने लिहा.

हिमवारा :
अभिनंदन! ओहायो म्हणजे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ, आणि मीठ म्हणजे गंज. सविस्तर लिहितो रात्री. तोवर एकच सांगतो, पैसे देण्याआधी गाडीखाली झोपा.

सुतारपक्षी :
वाटसरू, बदलाआधी एक काम करा. ड्रायव्हरचं दार उघडा आणि खांबावर चिकटवलेलं पिवळं-पांढरं लेबल वाचा. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाऊ नये, तो आकडा त्यावर असतो. तोच तुमचा पेलोड. जाहिरातीतला आकडा विसरा, तो सगळ्यात हलक्या, बिनसजावटीच्या गाडीचा असतो. काचेचं छत, चामड्याच्या सीट, मोठी चाकं आली की त्याच नावाच्या गाडीचा पेलोड शेकडो पौंडांनी खाली येतो.

माझ्या लेबलवर १,४२० आहे. आम्ही चौघं मिळून ४८०. उरले ९४०. माझा ट्रेलर भरल्यावर ६,००० पौंडांचा, त्याचा हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या मागच्या जोडणीवर, येणारा भार साधारण ७५०. उरले १९०. भार वाटणारी हिच स्वतःच ९० पौंडांची, हौद्यावरचं झाकण ६०. उरले ४०. आता यात जळाऊ लाकडं, बर्फाची पेटी, सायकली कुठे बसवणार? तुम्ही म्हणताय तसा लोखंडी बंपर लावला असता तर मी घरूनच उणे आकड्यात निघालो असतो.

‘ओढायची क्षमता ११,००० पौंड’ वाचून लोक निर्धास्त होतात. हाफ-टनमध्ये ती क्षमता संपायच्या कितीतरी आधी पेलोड संपतो.

पाणकावळा :
शंका : हाफ-टन म्हणजे १,००० पौंड ना? मग १,४२० कसे?

सुतारपक्षी :
नाव जुन्या काळातलं आहे. तेव्हा हे ट्रक खरोखर साधारण अर्धा टन माल उचलायचे. ट्रक वाढले, नाव चिकटून राहिलं. आता एफ-१५०, सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टुंड्रा या सगळ्यांना हाफ-टन म्हणतात आणि एफ-२५० किंवा २५०० ला थ्री-क्वार्टर टन.

रानजाई :
सुतारपक्षी यांना पूर्ण अनुमोदन. माझा बागकामाचा छोटा व्यवसाय आहे, सात वर्षं रोज ट्रक भरतेय. हौदा किती भरलेला दिसतो यावरून वजनाचा अंदाज कधीच करू नका. साडेपाच फुटी हौद्यात साधारण ५२ घनफूट जागा असते, म्हणजे जवळजवळ दोन घनयार्ड. सुका मल्च (झाडांच्या बुंध्याशी पसरायचा लाकडाचा चुरा) घेतलात तर एक यार्ड ५०० ते ८०० पौंड. ओली माती २,००० च्या वर. खडी २,७०० च्या आसपास. म्हणजे खडीने हौदा काठोकाठ भरला तर पाच हजार पौंडांच्या वर गेलात!

पहिल्या वर्षी मी एक यार्ड खडी मागितली. लोडरवाल्याने बादली वर नेली आणि एका दमात ओतली. ट्रक मागून असा बसला की स्प्रिंगचे पाटे सरळ होऊन रबरी ठोकळ्यांना टेकले. खडीच्या वखारीपासून सहा मैल मी ताशी २५ ने आले. स्टिअरिंग इतकं हलकं लागत होतं की पुढची चाकं रस्त्यावर आहेत की नाहीत असं वाटावं. ब्रेक दाबला की गाडी आधी विचार करायची, मग थांबायची. त्या दिवसापासून खडी अर्धा यार्डच घेते. दोन खेपा पडल्या तर पडल्या.

पाणकावळा :
रानजाई ताई, ‘हौदा’ वाचून बरं वाटलं. आम्ही घरात बेडच म्हणतो आणि मुलगा विचारतो, यात झोपायचं का?

रानजाई :
हौदाच म्हणायचं. ट्रकचा असतो तो हौदा, आणि मागचं खाली पडणारं झाकण म्हणजे फाळका. वडील लहानपणी ओरडायचे, ‘फाळका लावला का नीट?’ मी अजूनही गाडी काढण्याआधी तेच वाक्य मनात म्हणते आणि हाताने ओढून बघते.

घाटमाथा :
फाळका! किती वर्षांनी ऐकला हा शब्द.

मी कोलोरॅडोत असतो, म्हणून ट्रेलरबद्दल लिहितो. आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के घटते, म्हणजे बोगद्यापाशी तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बो हवा दाबून भरतो, म्हणून त्याला उंची तितकी जाणवत नाही. पण चढ हा त्रासाचा भाग नाहीच. चढावर फार तर गाडी हळू जाते. जीव अडकतो तो उतारावर.

चार वर्षांपूर्वी सहा टक्क्यांचा उतार, मागे ट्रेलर. मी ब्रेकवर पाय ठेवून उतरत होतो, जे करायला नको होतं. अर्ध्यावर पॅडल मऊ पडलं. दाबलं की खोल जायचं, परत दाबलं की आणखी खोल, आणि जळक्या पॅडचा वास केबिनमध्ये. खालच्या गिअरमध्ये टाकून, बाजूच्या जागेत थांबवली. अर्धा तास चाकांजवळ हात नेता येत नव्हता. कारण नंतर कळलं. गाडी जुनी घेतली होती आणि ब्रेकचं तेल पहिल्यापासून बदललेलंच नव्हतं. हे तेल हवेतलं पाणी शोषतं, पाणी झालं की कमी तापमानाला उकळतं, वाफ दाबली जाते आणि पॅडल खोल जातं. आता दर दोन वर्षांनी बदलतो. उतार सुरू होण्याआधीच टो-हॉल मोड (ओझं ओढतानाचं गिअरचं सेटिंग) लावतो, गिअर खाली घेतो आणि ब्रेक थोडा वेळ जोरात दाबून सोडून देतो, सतत टेकवून ठेवत नाही.

वाटसरू, तुमच्या अडीच हजारातले पहिले पैसे ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरला द्या, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणाऱ्या यंत्राला. कारखान्यातून बसवलेला आहे का ते आधी बघा.

खडकवासी :
आणि हिचवरचा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवा. दहाच्या खाली गेला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. वाटेत ट्रकथांब्यावर वजनकाटा असतो, थोडक्या पैशांत प्रत्येक अॅक्सलचं वजन छापून मिळतं. एकदा करून बघाच, अंदाज आणि कागद यांत माझा तरी तीनशे पौंडांचा फरक निघाला होता.

वाटसरू :
डोळे उघडताहेत. आज संध्याकाळी जाऊन लेबल बघतो. पण मग मागच्या स्प्रिंगना आधार देणाऱ्या, हवा भरायच्या एअर बॅग बसवल्या तर? दुकानदार म्हणाला त्याने ट्रक खाली बसत नाही.

सुतारपक्षी :
बसत नाही हे खरं, पण क्षमता एक पौंडानेही वाढत नाही. अॅक्सल, चाकं, ब्रेक, चासी तीच असतात. फक्त जास्त भार घातलाय हे डोळ्यांना दिसेनासं होतं, आणि मला तेच धोक्याचं वाटतं. लेबलच्या आकड्याच्या आत राहून ट्रक सपाट ठेवायला एअर बॅग उत्तम आहेत, मीही वापरतो.

हिमवारा :
आलो. जरा लांबेल.

मिशिगनमध्ये चौदा हिवाळे काढलेत. इथे ट्रक इंजिनामुळे मरत नाही, चासीमुळे मरतो. बघायला जाल तेव्हा जुने कपडे, विजेरी आणि छोटी हातोडी न्या. मालकाला विचारून चासीवर हलके ठोके मारत मागे जा. निरोगी लोखंड टण्ण वाजतं. सडलेलं ठप्प वाजतं आणि पापुद्रे गळतात. पाट्यांच्या टेकूंपाशी, मागच्या अॅक्सलच्या वर आणि स्टेपनीच्या वर खास बघा, तिथे मिठाची माती वर्षभर ओली बसते. ब्रेकच्या नळ्यांवरून बोट फिरवा. आणि चासीला ताजा काळा रंग दिसला तर दुप्पट सावध व्हा, त्याखाली काय लपलंय ते कळत नाही. रबरी लेप गंजावर चढवला तर ओल आत कोंडते आणि गंज आतून खात राहतो.

एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अॅल्युमिनियमची आहे, म्हणून ‘ही गंजत नाही’ असं विकणारे सांगतात. चासी पोलादाचीच आहे, तिला मीठ तेवढंच खातं.

आता स्टेपनी. ती हौद्याखाली पोलादी दोरावर टांगलेली असते, मागच्या बंपरच्या भोकातून लांब दांडा घालून फिरवली की खाली येते. दुसऱ्या हिवाळ्यात फेब्रुवारीत रस्त्यात टायर फुटला. दांडा घातला, फिरवला, आतला गिअर करकरला आणि तसाच गच्च. शून्याखाली बारा अंश, मी बर्फात पाठीवर, आणि चाक डोळ्यांसमोर फूटभर अंतरावर लटकलेलं, पण हाताला येईना. शेवटी टो ट्रक बोलावला. उन्हाळ्यात यंत्रणा उघडली तेव्हा दोराच्या तारा तपकिरी होऊन चिकटल्या होत्या, बोटाने दाबल्या की भुगा. नवीन बसवली. तेव्हापासून वर्षातून दोनदा स्टेपनी पूर्ण जमिनीपर्यंत उतरवतो, दोर तारेच्या ब्रशने घासतो, वंगण लावतो, हवा तपासतो, परत चढवतो. वीस मिनिटांचं काम.

ऑक्टोबरमध्ये खालून धुऊन, दोन दिवस वाळवून, लॅनोलिनचा फवारा मारतो. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण, आठवडाभर गाडीला मेंढवाड्याचा वास येतो. ते सुकून कडक होत नाही, भेगांत शिरतं. चासीच्या पोकळीत लांब नळीने आतून मारायचं, कारण गंज आतून सुरू होतो. पाणी निघायची भोकं बुजवू नका. ब्रेकच्या तबकड्यांवर उडू देऊ नका.

पाणकावळा :
हिमवारा, वाचनखूण साठवली. उद्या माझी स्टेपनी उतरवतोय. माझा ट्रक नऊ वर्षांचा आहे आणि मी ती एकदाही हलवलेली नाही.

चाफा :
जरा वेगळा सूर लावते, रागावू नका. वाटसरू दादा, दोन इंच उचलणं आणि उंच बंपर यांची खरंच गरज आहे का? २०२३ मध्ये इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने अभ्यास प्रसिद्ध केला होता. ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाड्यांनी पादचाऱ्याला धडक दिली तर मृत्यूची शक्यता कमी उंचीच्या उतरत्या बॉनेटपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त निघाली. फुल-साइझ ट्रक मुळातच त्या उंचीचे. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. शेजारच्या ट्रकच्या पुढे ती उभी राहिली की चालवणाऱ्याला दिसतच नाही, मी स्वतः त्या सीटवर बसून बघितलंय. मागे कॅमेरा २०१८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा झाला, पुढे तसा नियम नाही.

खडकवासी :
चाफा, मुद्दा मान्य आहे, पण ट्रक लागणाऱ्याला तो घ्यावाच लागतो. रानजाई ताई मल्च सेदानमध्ये नेणार का?

चाफा :
ट्रक घेऊच नका असं मी म्हटलेलं नाही. लागेल तेवढा घ्या आणि त्यावर आणखी उंची चढवू नका, एवढंच म्हणणं.

घाटमाथा :
मी खडकातल्या वाटांवर जातो, मला उंची लागते. पण वाटसरूंच्या वापरात तसं काही दिसत नाही. चाफा ताईंच्या बाजूने एक तांत्रिक मुद्दा जोडतो. रिकामा ट्रक नाकाने खाली झुकलेला असतो, तो मुद्दाम. मागे भार आला की सपाट व्हावा म्हणून. पुढून दोन इंच उचलून रिकाम्या गाडीला सपाट केलं की भरल्यावर ती नाक वर करून चालते. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत. लेव्हलिंग किटच हवा असेल तर अलाइनमेंट आणि हेडलाइटची पातळी नव्याने लावणं त्याच दिवशी करा. सपाट जागेत भिंतीपासून २५ फुटांवर गाडी उभी करून, आधी भिंतीवर खुणा करून ठेवायच्या आणि नंतर त्याच खुणांशी उजेड जुळवायचा. आणि स्ट्रटच्या (पुढच्या स्प्रिंग-शॉकच्या जोडाच्या) वर बसणारा एक इंची ठोकळा चाकापाशी जवळजवळ दोन इंच उचलतो, त्यामुळे ‘दोनचं किट’ घेताना ठोकळ्याची जाडी बघून गोंधळू नका. बॉल जॉइंट आणि पुढच्या अॅक्सलचे सांधे जास्त कोनात चालतात, झिजही लवकर होते.

पाणकावळा :
आणि टायर? ३३ चं कोणीच बोललं नाही.

सुतारपक्षी :
मूळ टायर २६५/७०आर१७ असेल तर उंची ३१.६ इंच. ३३ लावलात की स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६२-६३ ने जात असाल, ओडोमीटरही तितकाच कमी मोजेल. कॉम्प्युटरमध्ये दुरुस्ती करून घ्यावी लागते. जाड एलटी (लाइट ट्रक) टायर प्रत्येकी दहा-पंधरा पौंड जड असतात, फिरवायला आणि थांबवायला दोन्हीकडे जोर लागतो. पेट्रोल जास्त जातं. शिवाय तेवढाच भार पेलायला एलटी टायरला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, दारावरच्या लेबलचा हवेचा आकडा जसाच्या तसा चालत नाही. हे न कळल्याने कितीतरी लोक कमी हवेवर ट्रेलर ओढतात.

तुमच्याकडे बर्फ पडतो. मूळ मापाचेच, डोंगर-हिमकणाचं (बर्फात चालणाऱ्या टायरचं) चिन्ह असलेले चांगले ऑल-टेरेन टायर घ्या. त्या पैशात समाधान जास्त आहे.

रानजाई :
हौद्याच्या आतल्या लेपाबद्दल : प्लॅस्टिकचं तयार टोपलं टाकू नका. त्याखाली वाळू शिरते, घासून रंग उडतो, पाणी साठतं. मी पहिल्या ट्रकचं तीन वर्षांनी काढलं तर खाली चाकाच्या उंचवट्याभोवती रंग पार गेला होता. फवाऱ्याने बसणारा लेप महाग पडतो, पण एकदाच.

आणि घ्यायच्या आधी दोन चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी मोजा. फुल-साइझमध्ये चार फुटांच्या वर असते, त्यामुळे ४ बाय ८ चा प्लायवूड आडवा सपाट बसतो. साडेपाच फुटी हौद्यात फाळका पाडून न्यावा लागेल, टोकाला लाल कापड बांधा. झाकण घेणार असाल तर पूर्ण घडी होणारं घ्या, नाहीतर झाडं आणायच्या दिवशी ते काढून गॅरेजमध्ये ठेवण्यात अर्धा तास जातो.

खडकवासी :
गॅरेजवरून आठवलं. वाटसरू, फीत घेऊन गॅरेज मोजलंत का? चार दारी साडेपाच फुटी ट्रक १९ फुटांच्या वर लांब असतो. माझा फाळक्यापाशी चार इंच बाहेर राहिला, सात वर्षं बाहेरच उभा आहे.

वाटसरू :
मोजलं नव्हतं! आत्ता जाऊन मोजून आलो. २१ फूट आहे. जेमतेम.

चाफा :
सुटलात.

हिमवारा :
फोर-व्हीलचंही सांगून ठेवतो. साध्या ४-हायमध्ये चाकांना ताकद नेणारे पुढचा आणि मागचा दांडा एकत्र जखडले जातात. कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, फरकाला वाट मिळत नाही, गाडी हिसके देते आणि ट्रान्सफर केसवर (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो. बर्फ, चिखल, खडी यांवरच लावा. पण उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा गवतावर लावून थोडं चालवा, म्हणजे आतले भाग जाम होत नाहीत. ट्रेलर ओढणाऱ्याने डिफरन्शियलचं (अॅक्सलमधल्या गिअरचं) आणि गिअरबॉक्सचं तेल पुस्तिकेतल्या ‘कठीण वापर’ या तक्त्याप्रमाणे बदलायचं. ‘आजन्म तेल’ वगैरे ऐकू नका.

वाटसरू :
चार दिवसांनी लिहितोय. सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी तो ठरवलेला ट्रक. दारावरचा आकडा १,३१०. वरचं मॉडेल, काचेचं छत, वीस इंची चाकं. हिमवारा यांच्या सांगण्यावरून हातोडी नेली होती. डावीकडे सगळं टण्ण, उजवीकडे मागच्या टेकूपाशी ठप्प. बोटाच्या नखाएवढा पापुद्रा हातात आला. मालकही बघत होता, काही बोलला नाही. मी आभार मानून निघालो.

काल दुसरा बघितला. साधं मॉडेल, कापडी सीट, सहा फुटांच्या वरचा हौदा, आधीची सगळी वर्षं टेनेसीत, कमी मिठाच्या रस्त्यांवर गेलेली. लेबलवर १,८४०. चासी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टण्ण. स्टेपनी खाली उतरवून दाखवा म्हटलं तर विकणारे काका हसले, पण उतरवून दाखवली. हा घेतोय. हौदा लांब, म्हणून गॅरेजला बसणार नाही, बाहेर उभा राहील.

उचलणं रद्द, बंपर रद्द. अडीच हजारांतून ब्रेकचं तेल, दोन्ही डिफरन्शियलची तेलं, मूळ मापाचे टायर, आणि उरल्यात फवाऱ्याचा लेप बसला तर बसवीन. कंट्रोलर कारखान्याचाच आहे. पुढे कॅमेरा बसवायचं चाफा ताईंमुळे ठरवलं, दीडशे डॉलरच्या आत मिळतोय.

एक विचारायचं राहिलं. लॅनोलिन आत्ता लगेच मारू की ऑक्टोबरची वाट बघू?

हिमवारा :
टेनेसीतून आलाय, चासी कोरडी आणि स्वच्छ आहे, याहून चांगली वेळ नाही. या शनिवारी मारा. आधी स्टेपनी काढून ठेवा, तिच्या वरची जागा तशी सापडत नाही.

रानजाई :
आणि फाळक्याच्या बिजागऱ्यांनाही थोडं लावा. हौदा आला की फोटो टाका.